आम्ही लिंपलेला तळ

आमची विहीर ओढ्याच्या डाव्या अंगाला, गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. सासऱ्यांनी ती सात परस, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी, खणली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा हिवाळा संपेपर्यंत तिला पाणी असायचं. मग ते दर सालाला खाली खाली जात राहिलं, आणि आम्ही कोयता घेऊन बाहेर पडू लागलो.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसरा झाला की टोळीवाला यायचा, मालमोटारीत सगळं बिऱ्हाड घालून कारखान्याच्या मुलखात न्यायचा. ह्यांनी ऊस तोडायचा, मी वाढ्याने, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांनी, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. थोरले दीर आणि जाऊबाई आमच्याच टोळीत असायचे. सासू-सासरे गेलेले, त्यामुळे घरात मागे राहायला कुणी नव्हतं. दाराला कडी घालायची, समोर बोराट्या लावायच्या आणि निघायचं. पोरगी आमच्याबरोबर. शाळेत परीक्षा व्हायची तेव्हा ती फडात पाचट गोळा करत असायची. दुसरीत ती दोन वर्षं बसली. मी स्वतः चौथी शिकले, कारण माहेरी शाळा आमच्या घरासमोरच होती. हिची शाळाही घरापासून लांब नव्हती. आम्हीच शाळेपासून लांब जात होतो.

बाहत्तर साली पाऊस पडलाच नाही. ऊसही वाळला, टोळ्या उठल्या नाहीत. त्या हिवाळ्यात सरकारने गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मधल्या ओढ्यावर तळ्याचं काम काढलं. कामाच्या आधी चावडीवर बैठक झाली. ओव्हरसियर साहेब आले, सरपंच बोलले. तळं झालं, टेकडीवर झाडं लावली, चराई बंद केली की गाव पुन्हा उठून बसेल, बाहेर गेलेली घरं माघारी येतील, असं बोलणं झालं. हे मला घरी येऊन ह्यांनी सांगितलं. बाया चावडीवर जात नसत.

त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "तळ्याचा विहिरीला फायदा हाय म्हणत्यात. पानी लागलं तर पुढच्या साली कोयता घेत न्हाई. पोरीला शाळंत बसव."

मी नुसती मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांच्या आधी गेले.

काम असं होतं. पुरुषांनी टिकावाने माती फोडायची, पाट्या भरून द्यायच्या, बायांनी ओळीने वाहून बांधावर टाकायच्या. बांधाच्या पोटात काळी माती, वरून मुरूम. पाण्याचा हबका मारून जड धुमसाने ठोकून माती बसवायची. चुंबळीखाली माझे केस जाऊन टाळूवर रुपयाएवढा गोल पडला होता. तो सगळ्यांनाच पडला होता. जाऊबाई म्हणायची, "आता नवऱ्यानं बघितलं तर म्हनंल, ह्यो कोन गोसावी घरात आला."

ती सारखी बोलायची, मी तिच्या मागे गप्प चालायचे. मला चार माणसांत बोलायला होत नाही. बोलायचं मनात आलं की आधी कान तापतात, मग जे बोलायचं ते विसरून जातं. जाऊबाई सगळ्यांना सांगायची, "हिला हळू विचारा, घाबरती."

मोठं काम उन्हाळ्यापर्यंत होत आलं. बांध वर आला, सांडव्याचे दगड बसायचे राहिले होते. तेव्हा वैशाखात एकदा वळीव पडला. फार नाही, पण टेकड्यांवरून पाणी आलं आणि बांधाच्या पायथ्याशी गुडघाभर साठलं. आम्ही कामावर जाऊन आधी ते पाणीच बघितलं. बाया त्यात पाय घालून उभ्या राहिल्या. एकीने तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी ते घोट्याएवढं झालं, तिसऱ्या दिवशी नुसता ओला चिखल.

भाकरी खायला आम्ही तिथेच बसायचो. मी बघत होते. मधोमध, खडक जिथे उघडा पडला होता तिथे एक भेग होती. हात जाईल एवढी रुंद, वाकडी, लांबलचक, पार वरच्या काठापर्यंत गेलेली. शेवटचं पाणी तिच्याकडे सरकत गेलं आणि आत उतरलं. आत गेल्यावर आवाज यायचा, घागर भरताना येतो तसा.

बायांचा धीर खचला. सात महिने डोक्यावर वाहिलं आणि हे असं गळणार. एक म्हणाली, "मग बांद कशाला घातला? चाळनीला काठ लावल्यावानी झालं."

"सरकारचं काम," जाऊबाई म्हणाली. "आपल्या बापाचं काय जातंय? तुमी भाकरी खा."

पण तिचीही भाकरी हातातच होती. मला विहीर दिसत होती आणि पोरीची पाटी दिसत होती. कान तापले. तरी त्या दिवशी मी बोलले.

"माळवदाला आपन पांढरी मारतो," मी म्हणाले. "तशी हितं मारली तर?"

आमच्याकडची घरं माळवदाची. लाकडं, वर काड्या-पाचट, त्यावर माती. पावसाळ्याच्या आधी प्रत्येक घरची बाई वर चढून पांढरी माती पसरते, ती भिजवते, चोपते. नीट चोपलेलं माळवद थेंब आत सोडत नाही. ज्या बाईचं माळवद गळतं तिला वर्षभर बोलणी बसतात. हे काम आम्हाला लहानपणापासून येतं. आम्हाला कळणारं तेवढं एकच काम होतं, आणि ते मी तळ्याला लावलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. जाऊबाईने तोंडातला घास गिळला.

"आगं बया," ती म्हणाली, "बोलली की! आन बोलली ते बी कामाचं!"

साहेब पंधरा दिवस आले नव्हते, त्यांच्याकडे चार गावांची कामं होती. म्हणून आम्ही कामावरच्या मुकादमाला विचारलं. तो आमच्यातलाच, शेजारच्या गावचा. तो म्हणाला, "करा की. चांगलंच हाय. पन हजेरीच्या येळंत न्हाई करायचं."

आम्ही आठवड्याच्या सुटीच्या दिवशी केलं. पांढरी माती आणायची कुठून, तर गावात सहा-सात घरं पडलेली होती. त्यांची माणसं कोयत्यावर गेली ती तिकडेच राहिली. भिंती ढासळून मातीचे ढीग झाले होते. तीच माती आम्ही पाट्या भरभरून नेली. एका ढिगात चुलीचा वैल निघाला, काजळी धरलेला. जाऊबाईने तो बाजूला ठेवला आणि म्हणाली, "घरच्या बाया आल्या तर लागंल." कुणी हसलं नाही.

भेगेत आधी दगड-गोटे भरले, मग चिखल कोंबला, मग वरून वीतभर पांढरीचा थर. पाणी बांधकामाच्या टाकीतून. दोन खळ्यांएवढी जागा आम्ही पायांनी तुडवली, धुमसाने ठोकली, शेवटी हाताने लिंपून काढली. कामावरची माणसं बांधावर बसून बघत होती. एक म्हातारा ओरडला, "रांगोळी काढायची राहिली गं!" जाऊबाई खालून म्हणाली, "काढते की मामंजी, तुमी पाट घिऊन या, हितंच जेवायला वाढते."

त्या दिवशी मी फार दमले होते आणि मला बरं वाटत होतं. पोरगी माझ्याबरोबर होती. मी तिला म्हणाले, "हे मी सुचवलं." एवढंच म्हणाले.

मृग बरसला. त्यानंतर पाऊस चांगला झाला. श्रावणात तळं भरलं, सांडव्यावरून पाणी गेलं. सरपंचांनी नारळ फोडला. पाणी हललं नाही. आठ दिवसांनी गेलं तरी त्याच दगडाला लागलेलं. म्हशी त्यात बसू लागल्या. बाजारच्या दिवशी बाहेरगावचे लोक बघायला यायचे, आणि आमच्या बाया डोक्यावरचा पदर नीट करून सांगायच्या, थेंब गळत न्हाई.

विहिरीत पाणी आलं ते पावसाचं, गुडघाभर. मी रोज जाऊन बघायचे. भादव्यात ते घोट्याला आलं. दुसऱ्यांच्या विहिरींचंही तेच. वर तळं काठोकाठ आणि खाली विहिरी कोरड्या. ह्यांना काही कळेना. ते एकदा विहिरीत उतरून झऱ्याच्या जागा पहारेने मोकळ्या करून आले. मी काठावर दोर धरून उभी होते. ते वर आले, पाय पुसले आणि म्हणाले, "झरं कोरडं हायेत. वरनंच येत न्हाई."

पुरुषांनी साहेबांना निरोप धाडला. साहेब आले ते थेट तळ्यावर गेले. पाणी कडेने जरा ओसरलं होतं, तिथे आमच्या लिंपणाची कड उघडी पडली होती. त्यांनी काठीने टोचलं, पांढरा चिखल बोटांवर घेतला, वास घेतल्यासारखं केलं.

"हे कुणी केलं?"

सगळं गाव काठावर होतं. मुकादम टेकडीवरच्या झाडांकडे बघू लागला.

"गळत हुतं सायेब," शेवटी जाऊबाई म्हणाली. "दोन दिसांत सगळं पानी गिळलं त्यानं. मग आमी लिंपून काढलं. फुकाट केलं. सरकारला काय मागितलं न्हाई."

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि काठीने वाळूत रेघ ओढली. "बाई, ते गळायलाच पाहिजे होतं. पाणी वर ठेवायला हे बांधलं नाही. ते जमिनीत मुरायचं, खडकाखडकातून जायचं आणि खालच्या विहिरींत निघायचं. ती भेग म्हणजे तुमच्या विहिरींची वाट होती. ती तुम्ही बुजवली."

"आन हे आमाला आदी कोन सांगनार?"

"चावडीवर सांगितलं होतं की मी."

"चावडीवर बाप्ये हुते," जाऊबाई म्हणाली. मग ती पुरुषांकडे वळली. "सांगितलं हुतं का रं तुमाला?"

रांगोळीचं बोललेला म्हातारा म्हणाला, "सांगितलं असंल. पन तुमी येवढ्या मनानं ठोकत हुता, म्हटलं बायांना ठावं असंल."

तेव्हा मुकादमाला आपली बाजू सावरावीशी वाटली. त्याने विचारलं, "पन ही अक्कल निघाली कुनाची?"

माझे कान तापले. जाऊबाई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "समद्यांची," ती म्हणाली. "माळवद सगळ्यांचंच हाय."

मी बोलायला हवं होतं. तेवढ्या माणसांत मी उभी राहिले आणि बोलले नाही. तिची विहीर तीच, जी आमची. तिचंही तेवढंच गेलं होतं.

पाणी असेपर्यंत काही करता येणार नव्हतं. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की थर काढा, असं सांगून साहेब गेले.

दसऱ्यानंतर टोळीवाला आला. गुरुजी घरी आले होते. म्हणाले, "बाई, पोरगी हुशार आहे. यंदा तरी तिला कुणाजवळ ठेवा." कुणाजवळ ठेवणार? ज्यांच्याजवळ ठेवायची तीही त्याच मालमोटारीत बसणार होती. निघायच्या आदल्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, ते लिंपायचं मी सुचवलं हुतं. हे कोयता कानशीने घासत होते. जरा थांबले.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पोरीनं तवाच सांगितलं हुतं. लई खुशीत सांगितलं."

आणि पुन्हा घासू लागले.

त्या वर्षी फडात मला काम जड गेलं. मोळी तीच, डोकं तेच, पण पाय उचलत नव्हते. पोरगी पाचटावर बसून जुन्या पुस्तकातले धडे मोठ्याने वाचायची. तेच तेच धडे, तिला पाठ झाले होते. तिला कंटाळा आला की ती मधेच चुकीचं वाचायची, कुणी ऐकतंय का बघायला. मी ऐकत असायचे.

चैत्रात परत आलो. तळ्यात म्हशीच्या पाठीएवढं पाणी उरलं होतं, ते वैशाखात गेलं. तळ उघडा पडला तेव्हा तो फुटलेल्या माठासारखा दिसत होता, पण थर जागचा हलला नव्हता. इतकं चांगलं काम आम्ही केलं होतं. सरपंचांनी दवंडी दिली. पुरुष म्हणाले, बायांनी लिंपलं, बाया उकरतील. शेवटी आले तेही, टिकाव लागतच होता. वर्षभर पाण्याखाली दबलेली पांढरी दगडासारखी झालेली. ठोकायला एक दिवस लागला होता, काढायला नऊ लागले. काढलेली माती आम्ही पुन्हा गावात आणून टाकली. भेगेतले गोटे मी स्वतः काढले. पालथं पडून, खांद्यापर्यंत हात घालून. कुणी मला ते काढायला सांगितलं नव्हतं. जाऊबाई वर उभी राहून गोटे घेत होती. एकदा म्हणाली, "बास आता. विंचू चावंल." मग थोड्या वेळाने, "तू काय एकटीनं भरलं हुतंस का?"

पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं आणि आठवड्यात अर्धं झालं. पुन्हा भरलं, पुन्हा उतरलं. ह्या खेपेला कुणी तक्रार केली नाही. भादव्यात विहिरीत तीन परस पाणी होतं. हे आणि दीर काठावर बसून बराच वेळ बोलत होते. मी आणि जाऊबाई बांधावर गवत कापत होतो. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. तीन परसात दोन्ही घरांची मिळून एकरभर ज्वारी निघेल. तेवढ्याने दोन घरांचं वर्ष निघणार नाही. म्हणजे जायचं. पण ज्वारीला पाणी द्यायला कुणीतरी राहायला पाहिजे. पुरुष तोडायला लागतातच, म्हणजे एक बाई.

जाऊबाईने विळा गवतात ठेवला. तिच्या गुडघ्यांना त्या वर्षी सूज होती. माझ्यापेक्षा ती बारा वर्षांनी मोठी. राहायचा हक्क तिचा होता. मी ते म्हणणार होते, खरंच म्हणणार होते, पण तिने आधीच दिरांना हाक मारली.

"अवो, धाकली राहती हितं. तिची पोर शाळंत हाय. माज्या पोरी गेल्या नांदायला, मला काय धरून बसायचंय?"

"तुमचं गुडगं," मी म्हणाले.

"गुडगं काय हितं ठिवून जाऊ? चल, भारा उचलू लाग."

ती माणसं गेली. हे जोडीशिवाय एकटे, अर्धा कोयता म्हणून गेले. मी राहिले. सरपंचांचे बैल मागून आणायचे, त्यांना त्याबद्दल ज्वारीचा कडबा द्यायचा, असं ठरलं. मोट बाई हाकत नाही. मी हाकली. विहिरीपुढच्या उताराच्या धावेवरून बैल मागे सारायचे, मोट बुडाली की पुढे हाणायचे, मोट ओतली की पळत जाऊन वाफ्यांची दारं मोडायची. पुरुष मोटेवर गाणं म्हणतात. मला गाणं म्हणायची लाज वाटायची, मी नुसती जिभेने आवाज काढायचे. पहिले चार दिवस रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. मग थांबेनासे झाले. दुपारी पोरगी शाळेतून यायची, दारं ती धरायची. संध्याकाळी मला हात वर करून वेणी घालता यायची नाही, तीच माझी घालायची.

माघात पाणी एक परसावर आलं. फाल्गुनात मोट चिखल आणू लागली. तोवर ज्वारी निसवून भरली होती. फार नाही, पण काढली. पोरगी परीक्षेला बसली आणि पास झाली. एका वर्षात एक इयत्ता, पहिल्यांदाच.

टोळी आली ती दुपारी. हे वाळले होते. जाऊबाई मालमोटारीच्या फळीला धरून उतरली, दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकवून, आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. घरात आली, भिंतीला टेकून बसली.

"पोर?"

"झाली पास."

"मग बरं," ती म्हणाली. पाय लांब केले, पदर तोंडावर ओढला आणि बोलता बोलता तिथेच झोपली. मी चुलीवर पाणी ठेवलं, तिचे गुडघे शेकायला. ते तापलं, निवलं, मी परत तापवलं. ती घोरत होती, उठली नाही. पोरगी निकालाचा कागद घेऊन तिच्या पायाशी बसून होती.